स्वनिर्मित विमानातील इलेक्ट्रॉनिक उड्डाणदर्शक : देखभालीचा इतिहास व साधनविचार

इ. स. २०१६ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला होता. तेथे प्रेक्षकांचे लक्ष वेधून घेणाऱ्या वस्तूंत सहा आसनांचे एक छोटे विमान होते. ते कोणत्याही कारखान्यात तयार झालेले नव्हते. कांदिवलीच्या चारकोप भागातील एका राहत्या इमारतीच्या गच्चीवर ते बांधले गेले होते आणि सुटे करून यारीच्या साहाय्याने खाली उतरविण्यात आले होते. ते बांधणारे कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक असून मूळचे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या विमानाची ‘व्हीटी-एनएमडी’ या चिन्हाने नोंदणी केली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची अनुज्ञा दिली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याचे चाचणी-उड्डाण झाले.

हा वृत्तान्त वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचला आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. गच्ची, यारी, नोंदणी आणि पहिले उड्डाण एवढ्यावर स्वनिर्मित विमानाची कथा संपते काय? विमान एकदा उडते ते त्याच्या बांधणीमुळे. ते दहा वर्षे उडत राहते ते त्याच्या देखभालीमुळे. आपल्या यंत्रविषयक लेखनात ‘पहिले’ या शब्दाला मोठा मान आहे. ‘दुरुस्त’ या शब्दाला जवळजवळ नाही. प्रस्तुत लेखात या उपेक्षित अंगाचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी स्वनिर्मित विमानातील इलेक्ट्रॉनिक उड्डाणदर्शक हा विषय घेतला आहे. हे विवेचन वर उल्लेखिलेल्या एका विमानापुरते नसून त्या जातीच्या विमानांना सामान्यतः लागू पडणारे आहे. या दर्शकांचा दोष शोधण्याची रीत आणि आपली साधनचिकित्सा या दोहोंचे तत्त्व एकच आहे, आणि दोन्ही क्षेत्रांत नोंद हरवली म्हणजे होणारे नुकसानही एकाच जातीचे असते, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

१

विमानातील दर्शकांचा इतिहास विमानाइतकाच जुना आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंच्या यंत्राने उड्डाण केले तेव्हा त्यावर वाऱ्याचा वेग मोजणारे एक उपकरण, एक घड्याळ आणि इंजिनाचे फेरे मोजणारा एक गणक अशी तीन साधने होती. ती वैमानिकाने उडताना पाहण्यासाठी नव्हती. उड्डाण संपल्यावर नोंद करण्यासाठी होती. म्हणजे दर्शकाचा पहिला उपयोग पुराव्यासाठी झाला, मार्गदर्शनासाठी नव्हे.

मार्गदर्शनाचे काम त्याच्याकडे आले ते पुढे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जिमी डूलिटल याने आसनावर आच्छादन घालून, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण केले व विमान उतरविले. कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक गायरो आणि सूक्ष्म उंचीमापक ही त्याची मुख्य साधने होती. पुढील अर्धशतक हीच परंपरा चालू राहिली. छोट्या विमानात इंजिनावर चालणारा निर्वातपंप हवा ओढी, त्या प्रवाहाने गायरोचे चक्र फिरे आणि काटा हले. हे काटे बिघडत, परंतु त्यांचे बिघाड उघड असत. चक्राचा आवाज बदले, काटा अडके किंवा थरथरे. घड्याळजीच्या कौशल्याचा कारागीर ते उपकरण उघडून पुन्हा जुळवीत असे.

१९८२-८३ या वर्षांत बोइंग ७६७ व ७५७ आणि एअरबस ए-३१० ही प्रवासी विमाने सेवेत आली, तेव्हा काट्यांपैकी काहींची जागा काचेच्या पडद्यांनी घेतली. छोट्या विमानांना ही सामग्री किमतीमुळे व वजनामुळे दीर्घकाळ दुर्लभच होती. मोटारी व अन्य यंत्रांसाठी तयार होणारे सिलिकॉनचे सूक्ष्म संवेदक स्वस्त झाल्यावर ही स्थिती बदलली. कोणतेही फिरते चक्र नसलेले, कंप पावणाऱ्या सूक्ष्म रचनेवरून विमानाचे वळणे मोजणारे हे संवेदक एका लहानशा डबीत मावू लागले. २००३ च्या सुमारास अमेरिकेतील डायनॉन या संस्थेने स्वनिर्मित विमानांसाठी असा छोटा दर्शक बाजारात आणला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत इतर निर्मातेही या क्षेत्रात उतरले. कारखान्यातील विमानांवर प्रमाणपत्राची बंधने कडक असल्यामुळे नव्या दर्शकांचा प्रसार प्रथम घरी बांधलेल्या विमानांत झाला. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांनी स्थापन केलेल्या प्रायोगिक विमान संघटनेभोवती अशा बांधणाऱ्यांचा मोठा समुदाय तयार झालेला होता. नव्या सामग्रीची परीक्षा त्यांच्या कार्यशाळांतून झाली.

२

दर्शकाची देखभाल समजण्यासाठी प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पडदा स्वतः काहीही मोजीत नाही. तो दुसऱ्याने सांगितलेले मांडतो. विमानाच्या नाकाकडील किंवा पंखाखालील पिटो नळीत समोरून येणाऱ्या हवेचा दाब शिरतो. अंगावरील बारीक छिद्रांतून भोवतालचा स्थिर दाब घेतला जातो. हे दोन्ही दाब बारीक नळ्यांतून संवेदकाच्या डबीत पोहोचतात. तेथे त्यांचे विजेच्या संकेतात रूपांतर होते, संगणक त्यावरून वेग व उंची काढतो आणि तारांवरून तो आकडा पडद्याकडे जातो. दिशेसाठी चुंबकमापक, स्थानासाठी उपग्रहांचे संकेत आणि इंजिनासाठी उष्णतेचे व तेलाच्या दाबाचे संवेदक असे आणखी साक्षीदार असतात.

इतिहासाच्या भाषेत बोलावयाचे तर पडदा हे दुय्यम साधन होय. त्यावरील आकडा स्वच्छ व ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. परंतु अक्षर सुवाच्य आहे एवढ्यावरून मजकूर विश्वसनीय ठरत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांस सांगण्याची आवश्यकता नाही. आकडा कोठून निघाला, वाटेत कोणाच्या हातून गेला आणि कोठे बदलला, हे पाहणे म्हणजेच दोषशोधन.

या तत्त्वाची उपेक्षा किती महाग पडते याची दोन उदाहरणे १९९६ या एकाच वर्षातील आहेत. ६ फेब्रुवारी रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील प्वेर्तो प्लाता येथून निघालेले बर्गेनएअरचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले व १८९ माणसे दगावली. विमान काही आठवडे उभे असताना पिटो नळ्यांवर आच्छादन नव्हते, आणि एका नळीत कुंभारीण माशीने घर केले असावे असा चौकशीचा निष्कर्ष होता. नळी बंद झाली की आत जुना दाब कोंडून राहतो. विमान वर चढू लागले की भोवतालचा दाब कमी होतो, आणि संगणक त्या फरकाचा अर्थ वेग वाढला असा लावतो. कप्तानाच्या दर्शकावर वेग वाढत होता. प्रत्यक्षात तो धोकादायकपणे कमी होत होता. २ ऑक्टोबर रोजी लिमाहून निघालेले एअरोपेरूचे त्याच जातीचे विमान रात्रीच्या अंधारात पॅसिफिकमध्ये पडले व ७० माणसे मृत्यू पावली. विमान धुताना स्थिर दाबाच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहून गेली होती. दोन्ही ठिकाणी गणित करणारे संगणक शाबूत होते. त्यांना मिळालेली मूळ साक्षच खोटी होती.

३

मोठ्या विमानांच्या या कथा छोट्या स्वनिर्मित विमानाला अधिकच लागू पडतात, कारण तेथे बांधणारा, वैमानिक व दुरुस्ती करणारा बहुधा एकच असतो. त्याच्यापुढे येणारे बिघाड चार प्रकारांत मांडता येतील.

पहिला प्रकार हवेच्या मार्गाचा. नळीत पाणी, माती किंवा किडा असणे, रबरी जोड सैल होणे, आणि आच्छादन काढावयाचे विसरणे. स्थिर दाबाचे छिद्र बंद झाले तर उंचीचा आकडा गोठतो. चढताना वेग वास्तवापेक्षा कमी व उतरताना अधिक दिसतो. तीच नळी आसनकक्षात गळत असेल तर तेथील दाब बाहेरच्याहून थोडा कमी असल्यामुळे उंची बहुधा किंचित अधिक दाखविली जाते. पाटण व जावळीच्या पावसात किंवा दुष्काळी जतच्या धुळीत विमान उघड्यावर ठेवणाऱ्यास या प्रकाराची विशेष काळजी घ्यावी लागेल. अमेरिकेत केवळ उपकरणांवर विसंबून उडावयाचे असेल तर या नळ्यांची गळती-चाचणी दर २४ महिन्यांच्या आत करावी लागते; तो नियम अनुभवातून आलेला आहे.

दुसरा प्रकार विजेचा. इंजिन सुरू करताना स्टार्टर एवढी वीज ओढतो की दाब क्षणभर बराच खाली येतो व पडदा विझून पुन्हा पेटतो. अशा वेळी पडदा सदोष ठरवून तो बदलण्याची घाई केली जाते. दाब बॅटरीपाशी न मोजता पडद्याच्या टोकाशी मोजला तर बहुधा जीर्ण बॅटरी, सैल थिंबल किंवा अपुऱ्या जाडीची तार सापडते. अर्थिंगचा दोष याहून फसवा असतो. उतरण्याचा दिवा लावताच तेलाचा दाब आणि इंजिनाची उष्णता दोन्ही एकदम सरकली, तर इंजिनात काही घडलेले नसते. दिव्याचा प्रवाह व संवेदकाचा संकेत एकाच खराब परतीच्या मार्गाने जात असतात. लाकडी किंवा काचतंतूच्या विमानात धातूचे अंग नसल्याने हा परतीचा मार्ग स्वतंत्र तारेने बांधावा लागतो, आणि चूक तेथेच होते.

तिसरा प्रकार संदेशवाहक तारांचा. आधुनिक डब्या एका जोडतारेवर परस्परांशी बोलतात. ही पद्धत जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली मोटारींसाठी मांडली. तिच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोध लागतो. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला असता सुमारे ६० ओहम आले पाहिजेत. १२० आले तर एका टोकाचा रोध नाही किंवा तार तुटली आहे. ४० आले तर कोणी तिसरा रोध घातला आहे. पडद्यावर लाल फुली दिसली म्हणजे साक्षीदार मेला असे नव्हे. पुष्कळदा केवळ निरोप पोहोचलेला नसतो.

चौथा प्रकार परस्परसंबंधाचा, आणि तोच सर्वांत शिकविणारा आहे. चुंबकमापकाजवळ लोखंडी खिळा किंवा दिव्याची तार असली तर दिशा चुकते. जमिनीवर एकेक दिवा लावून दिशेचा आकडा हलतो का हे पाहिले की हा दोष पकडता येतो. काही दर्शकांत कृत्रिम क्षितिज स्थिर ठेवण्यासाठी हवेतील वेगाचे साहाय्य घेतलेले असते. तेथे पिटो नळी बंद झाली तर वेग चुकतोच, पण क्षितिजही हळूहळू कलू शकते. ज्याला हा संबंध ठाऊक नाही तो क्षितिजाची डबी बदलतो आणि नळीतील कुंभारीण तशीच राहते. तसेच, इंजिनाची उष्णता मोजणाऱ्या दोन धातूंच्या तारेचा तुकडा तुटल्यावर तेथे साधी तांब्याची तार जोडली तर नवा सांधा तयार होऊन आकडा चुकू शकतो. तार जोडली जाते, दिवा लागतो, आकडाही दिसतो. पण तो आकडा खरा नसतो. न दिसणाऱ्या आकड्यापेक्षा असा दिसणारा आकडा अधिक धोक्याचा.

४

या सर्वांवर उपाययोजना करण्याची रीत साधी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शंका असलेल्या सिलिंडरचा संवेदक शेजारच्या सिलिंडरवर लावावा. दोष संवेदकाबरोबर गेला तर संवेदक वाईट, जागेवर राहिला तर तार किंवा इंजिन. आणि साक्ष स्वतंत्र साक्षीने पडताळावी. कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. त्या वेळचा हवेचा दाब बरोबर लावला असता उंचीमापकाने धावपट्टीची ज्ञात उंची दाखविली पाहिजे. धावपट्टीची दिशा ज्ञात असते, तिच्याशी दिशादर्शक ताडता येतो. वाऱ्याचा परिणाम वजा पडावा म्हणून वेगवेगळ्या दिशांना उडून उपग्रहावरून मिळालेल्या वेगाशी हवेतील वेगाची तुलना करता येते. मात्र एकाच संवेदकाकडून माहिती घेणारे दोन पडदे हे दोन साक्षीदार नव्हेत. एकाच मूळ प्रतीवरून उतरविलेल्या दोन बखरी जुळल्या तर त्यावरून घटना सिद्ध होत नाही, तसेच हे आहे. म्हणूनच जाणते बांधणारे पडद्याशेजारी स्वतंत्र नळी व स्वतंत्र वीज असलेला एखादा दर्शक राखून ठेवतात.

ही रीत आपल्या भागास परकी नाही. १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर वसलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, आणि सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा कारखाना इंजिने बनवीत असे. या दोन केंद्रांच्या भोवती व नंतर कृष्णाकाठच्या पाणीउपसा योजनांवर फिटर व वायरमन यांच्या पिढ्या तयार झाल्या. विहिरीवरची मोटार बंद पडली की ती उघडण्यापूर्वी फ्यूज, स्टार्टर व केबलचे सांधे क्रमाने टेस्ट लॅम्पने पाहावेत, हा त्यांचा शिरस्ता. तो कोणी पुस्तकात लिहिलेला नाही. त्यामुळेच तो उस्तादाबरोबर जातो.

५

येथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. कोयना धरणाच्या बांधकामाच्या काळात कराडजवळ धावपट्टी झाली. सांगलीजवळ कवलापूरची धावपट्टी दीर्घकाळ वापराविना राहिली. या पट्ट्यांवर कोणती विमाने उतरली याची आठवण सांगणारे भेटतील, पण त्यांची दुरुस्ती कोणी व कशी केली हे सांगणारा कागद क्वचितच हाती लागेल.

नोंदीचे मोल किती, हे दोन दाखल्यांवरून कळेल. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात फार लोकप्रिय आहे. परंतु ती सिद्ध करणारा तत्कालीन कागद, आराखडा किंवा मोजमाप उपलब्ध नाही. उलट ऑर्व्हिल राइट याने १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणांची रोजनिशीत केलेली नोंद उपलब्ध आहे. एक अभिमानाचा विषय राहिला, दुसरा इतिहासाचा झाला. या दोहोंमधील अंतर नोंदीचे आहे.

अमेरिकेच्या नियमांत याचे एक सूचक उदाहरण आढळते. स्वनिर्मित विमानाच्या मुख्य बांधणाऱ्यास त्या विमानाच्या वार्षिक तपासणीचा अधिकार प्रमाणपत्राने मिळू शकतो. विमान विकले तरी तो अधिकार नव्या मालकाकडे जात नाही. कायद्याने मान्य केले आहे की विमान हस्तांतरित होते, ज्ञान होत नाही. मग नव्या मालकाच्या हाती उरते काय? तारांचा आराखडा, दर्शकाच्या मांडणीची प्रत, कोणत्या दिवशी कोणता संवेदक बदलला व कोणती आज्ञावली घातली याची वही. त्यातील एखादे पान जरी नसेल, तर कोणत्या जातीचा संवेदक निवडला होता हे नव्या माणसास कळणार नाही आणि पडदा त्याला निर्वेधपणे चुकीचा आकडा दाखवील.

इलेक्ट्रॉनिक दर्शकाने या बाबतीत एक मोठी सोय केली आहे आणि एक मोठे संकट आणले आहे. तो प्रत्येक उड्डाणाची क्षणाक्षणाची नोंद आपोआप ठेवतो. राइट बंधूंना तीन उपकरणांनी जे जेमतेम साधले ते आता शेकडो रकान्यांत साधते. परंतु जागा भरली की जुनी नोंद पुसली जाते, आणि डबी बदलली की तिच्याबरोबर स्मृतीही जाते. कागदाला वाळवी लागायला काही वर्षे तरी लागतात. येथे एका आज्ञेचे काम आहे.

वि. का. राजवाडे यांनी वाई येथे मिळालेल्या कागदांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरावर आयुष्य वेचले, आणि साताऱ्यास द. ब. पारसनीस यांनी कागद व चित्रे जमविली. ज्या काळी ते रुमाल कोणास महत्त्वाचे वाटत नव्हते त्या काळी त्यांनी ते गोळा केले, म्हणून आज आपल्याला लिहिता येते. त्याच सातारा-सांगली प्रदेशातील विद्यार्थ्याने आज एखाद्या कार्यशाळेत जाऊन फिटरची तेलकट वही, तारांचा हाताने काढलेला आराखडा आणि दर्शकातून उतरवून घेतलेली उड्डाण-नोंद यांची प्रत करावी, तिच्यावर स्थळ, दिनांक व ती कोणाकडून मिळाली हे लिहावे, आणि ग्रंथालयात ठेवावी. विमाने हे केवळ एक उदाहरण. पाणीउपसा पंप, साखर कारखान्यांची यंत्रे, जुनी छापखान्याची यंत्रे यांनाही हाच न्याय लागू आहे.

पुढे कोणी या भूमीत बांधलेल्या विमानाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र त्याला सहज मिळेल. त्यानंतरच्या शंभराव्या उड्डाणापूर्वी कोणती नळी कोणी साफ केली, हे त्याला कळावे अशी व्यवस्था मात्र आताच करावयास हवी.